बदामाएवढी सबब

"अगं मावशी, माझा अमिग्डाला हायजॅक झाला होता!"

माझ्या भाच्याचं हे वाक्य. वय वर्षं अडतीस, शिक्षण इंजिनियरिंग, नाव सांगत नाही. घरातले वाचणारे ओळखतीलच. झालं होतं असं की सोसायटीच्या फाटकाशी याची गाडी अडली. वॉचमनने फाटक उघडायला दोन मिनिटं उशीर केला, आणि याने खाली उतरून त्या साठीच्या माणसाला नको नको ते सुनावलं. घरी आल्यावर बायकोने हटकलं तेव्हा त्याने हे शास्त्रीय स्पष्टीकरण दिलं. मी शेजारी बसून शेंगा सोलत होते. मी म्हटलं, "अरे, पूर्वी यालाच डोकं फिरणं म्हणायचे." तर म्हणे नाही, हे वेगळं आहे, हे विज्ञान आहे.

विज्ञान म्हटल्यावर आम्ही मास्तरमंडळी जरा बिचकतो. मी मराठी आणि इतिहास शिकवलेली बाई. मेंदूशी माझा संबंध तो मुलांच्या डोक्यात काही शिरतंय की नाही एवढ्यापुरताच. पण निवृत्तीनंतर वेळ भरपूर आहे, आणि नातवंडांनी हातात टॅब दिलेला आहे. त्यामुळे हे अमिग्डाला प्रकरण नीट वाचून काढलं. वाचल्यावर माझं मत असं झालं की विज्ञान खरं आहे, आणि भाच्याने त्याची केलेली सबब खोटी आहे. दोन्ही एकाच वेळी! ते कसं, तेच आज लिहायचं आहे.

आधी थोडं शास्त्र. अमिग्डाला हा शब्द ग्रीक भाषेतला, अर्थ बदाम. कानशिलाच्या आत, मेंदूत खोलवर, डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे बदामाच्या आकाराचे दोन पुंजके असतात. धोका ओळखणं आणि शरीराला सावध करणं या कामांत त्यांचा मोठा वाटा. जोसेफ लेडू नावाचे अमेरिकन शास्त्रज्ञ यावर आयुष्यभर काम करत आले आहेत. त्यांनी उंदरांवर प्रयोग केले. एक ठरावीक आवाज आणि त्यापाठोपाठ विजेचा हलका धक्का, असं काही वेळा केलं की उंदीर नुसत्या आवाजानेच जागच्या जागी थिजतो. मग हा आवाज मेंदूत कुठून कुठे जातो ते त्यांनी शोधलं. त्यांना दोन वाटा सापडल्या. एक वाट लांबची, मेंदूच्या वरच्या थरातून जाणारी, जिथे आवाजाची नीट छाननी होते. दुसरी आडवाट. ती छाननी टाळून थॅलॅमसमधून थेट बदामाकडे जाते. आडवाटेने बातमी आधी पोहोचते. फरक सेकंदाच्या काही हजाराव्या भागांचा, पण तेवढा पुरतो. १९९६ साली त्यांचं यावरचं पुस्तक आलं. त्याच्या आदल्या वर्षी, १९९५ मध्ये, डॅनियल गोलमन या पत्रकाराने 'इमोशनल इंटेलिजन्स' हे गाजलेलं पुस्तक लिहिलं होतं. 'हायजॅक' हा शब्द लोकांच्या तोंडी बसला तो गोलमन यांच्यामुळे.

आपल्याला हे काही अगदीच नवीन नाही. अंधारात दोरी दिसते, साप समजून माणूस उडी मारतो, दिवा आणल्यावर कळतं की दोरीच होती. वेदान्तातला रज्जुसर्पाचा दृष्टान्त आपल्याकडे कीर्तनकारसुद्धा सांगतात. लेडू यांनी काठी आणि सापाचं उदाहरण दिलं आहे, म्हणजे जवळजवळ तेच. फरक एवढाच की आपल्या आचार्यांना त्यातून जग मिथ्या कसं ते सांगायचं होतं, आणि या शास्त्रज्ञाला उडी कोण मारतं ते शोधायचं होतं.

दुसरीही एक गोष्ट शास्त्रज्ञ सांगतात. ताण वाढला की मेंदूचा कपाळामागचा भाग, म्हणजे जो विचार करतो, आवर घालतो, पुढचं पाहतो, तो दुबळा पडतो. येल विद्यापीठातल्या एमी आर्नस्टेन यांनी हे तपशिलात दाखवलं आहे. ताणाच्या वेळी मेंदूत जी रसायनं उसळतात ती बेताची असतील तर आपण तरतरीत होतो. फार झाली तर हा पुढचा भाग जणू बंद पडतो आणि जुन्या सवयी कारभार हातात घेतात. परीक्षेत सगळं येत असूनही कागद कोरा ठेवणारी मुलं मी शेकड्यांनी पाहिली आहेत. तीस वर्षं त्यांना आम्ही 'अभ्यास कमी पडला' असं सांगत आलो. सगळ्यांच्या बाबतीत ते खरं नसणार.

आणि हो, भावना काढून टाकली की माणूस शहाणा होतो असंही नाही बरं का. आंतोनियो दामासिओ या मेंदूतज्ज्ञांनी १९९४ च्या आपल्या पुस्तकात एका रुग्णाची हकीकत दिली आहे. गाठ काढताना त्याच्या मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली. बुद्धी जशीच्या तशी राहिली, चाचण्यांत उत्तम गुण, पण भावना आटल्या. तो मोठा तत्त्वज्ञ झाला असेल असं वाटतं ना? त्याला साधे साधे निर्णय घेता येईनात. नोकरी गेली, संसार मोडला. तेव्हा भावना हा शत्रू आणि बुद्धी हा राजा, असं ते सरळसोट नाटक नाही.

खुद्द लेडूही पुढे म्हणू लागले की अमिग्डालाला 'भीतीचं केंद्र' म्हणणं बरोबर नाही. तो धोका टिपतो आणि शरीराला कामाला लावतो. भीती ही जी जाणीव आपल्याला होते, ती घडवण्यात मेंदूचे वरचे थरही असतात. म्हणजे ज्या माणसाच्या संशोधनावर ही हायजॅकची कथा उभी आहे, तोच म्हणतो की जरा सावकाश! पण ही दुरुस्ती व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी पुढे पाठवत नाही.

आता भाच्याकडे वळते. त्याला मी एकच विचारलं. "गेल्या वर्षी तुझ्या साहेबाने सगळ्यांसमोर तुझा अपमान केला होता. तेव्हा बदाम कुठे होता रे तुझा?" तो हसला. साहेबासमोर हा 'येस सर' म्हणून आला होता आणि आठ दिवस घरात धुमसत होता. राग वॉचमनपेक्षा तिथे दसपट जास्त होता. पण तिथे आवरला.

माझा सगळा आक्षेप इथे आहे. राग खरोखरच आंधळा असता तर तो समोर जो येईल त्याच्यावर कोसळला असता. आमच्या पाहण्यातला राग फार डोळस असतो. तो पाण्यासारखा उतार बघून वाहतो. साहेबाकडून कारकुनाकडे, नवऱ्याकडून बायकोकडे, सासूकडून सुनेकडे, आणि शेवटी सगळ्यांकडून पोरांकडे. शाळेत आमच्या एका सहकाऱ्यांचा हात फार चाले. छडी मोडेपर्यंत मारत. नंतर स्टाफरूममध्ये येऊन पाणी पीत आणि म्हणत, "काय करू बाई, राग आला की मला भानच राहत नाही." त्यांच्या वर्गात गावच्या फौजदारांचा मुलगा होता. तो अख्ख्या वर्गात सर्वांत उनाड. त्याला वर्षभरात एक चापट बसली नाही. मार बसायचा तो वीटभट्टीवरच्या आणि शेतमजुरांच्या मुलांना. भान राहत नाही म्हणता, मग कुणाचा बाप कोण हे बरं भान राहतं! २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शाळेत मारायला बंदी केली. तेव्हा पुष्कळ शिक्षक कुरकुरले की आता पोरं डोक्यावर बसतील. पण गंमत बघा. कायदा आल्यावर, नोकरी जाईल म्हटल्यावर, त्याच लोकांना राग आवरता यायला लागला. मेंदू तोच, बदाम तोच.

हायजॅक किती वेळ चालू शकतो, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आणि गंमत म्हणजे हा प्रश्न मेंदूवाल्यांच्या कितीतरी आधी आपल्या देशातल्या न्यायालयांपुढे आला होता, तोही मुंबईत. नानावटी खटला.

तरुण मंडळींना हा खटला 'रुस्तम' सिनेमामुळे माहीत आहे (२०१६). त्याआधी १९६३ साली 'यह रास्ते हैं प्यार के' आणि १९७३ साली गुलजारांचा 'अचानक' आला होता. सिनेमावाल्यांनी कथेला हवे तसे वळसे दिले. खटला चालू होता तेव्हा मी लहान होते. घरातली मोठी माणसं पेपर समोर धरून बोलत आणि आम्ही मुलं आलो की गप्प होत, एवढंच आठवतं. पुढे निकालपत्र वाचलं. जरूर वाचावं असं आहे, कादंबरीहून सरस.

कमांडर कावस नानावटी हे नौदलाच्या 'म्हैसूर' जहाजावरचे दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी. पत्नी सिल्व्हिया इंग्रज. तीन मुलं. नवरा महिनोन्‌महिने समुद्रावर. त्या काळात सिल्व्हियाचे प्रेम आहुजा या व्यापाऱ्याशी संबंध जुळले. २७ एप्रिल १९५९ रोजी घरी असताना तिने हे नवऱ्याला सांगितलं. दुपारचा दीड वाजण्याच्या सुमारास नानावटी घरातून निघाले. बायकोला, दोन मुलांना आणि शेजारच्या एका मुलाला गाडीतून मेट्रो सिनेमाला सोडलं. सहा वाजता खेळ सुटल्यावर न्यायला येतो म्हणाले. तिथून जहाजावर गेले. रात्री एकट्याने गाडी चालवत अहमदनगरला जायचं आहे (आताचं अहिल्यानगर), असं सांगून जहाजाच्या भांडारातून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसं घेतली. रिव्हॉल्व्हर एका पाकिटात ठेवलं. मग आहुजाच्या ऑफिसात गेले. तो तिथे नव्हता. म्हणून त्याच्या घरी गेले. चार वाजून वीस मिनिटांच्या सुमारास त्याच्या शयनगृहात गोळ्या सुटल्या आणि आहुजा मेला. नानावटी तडक पोलिसांकडे गेले आणि स्वाधीन झाले.

बचाव असा होता की रिव्हॉल्व्हर स्वतःला संपवण्यासाठी घेतलं होतं. आहुजाला फक्त विचारायचं होतं की तू सिल्व्हियाशी लग्न करणार का, मुलांना सांभाळणार का. त्याने अर्वाच्य उत्तर दिलं, झटापट झाली आणि त्यात गोळ्या सुटल्या. आणि हे मान्य नसेल तर निदान हा भयंकर आणि अचानक भडकावण्याने झालेला प्रकार माना, खून नको.

भडकावण्याची ही सवलत आपल्या कायद्यात पहिल्यापासून आहे. १८६० च्या दंडसंहितेच्या ३०० व्या कलमाला पहिला अपवाद तोच होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही १०१ व्या कलमात तो कायम आहे. गंभीर आणि अचानक भडकावल्यामुळे ज्याचा स्वतःवरचा ताबा सुटला, त्याने त्या भरात कुणाचा जीव घेतला तर तो सदोष मनुष्यवध, पण खून नव्हे. कायदा करणाऱ्यांना बदाम माहीत नव्हता, माणूस माहीत होता.

सत्र न्यायालयात नऊ जणांच्या ज्युरीपुढे खटला चालला. आठ विरुद्ध एक मतांनी ज्युरीने ठरवलं की नानावटी निर्दोष. न्यायाधीशांना तो निर्णय इतका अवाजवी वाटला की त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. मार्च १९६० मध्ये उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. निकाल न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी लिहिला आहे.

त्यांनी भावना नाकारली नाही, हे मला फार आवडलं. बायकोच्या तोंडून असं ऐकल्यावर माणसाचा ताबा क्षणभर सुटू शकतो, हे त्यांनी धरून चाललं. नुसते शब्द आणि हावभावसुद्धा काही प्रसंगी भडकावू शकतात, असंही म्हटलं. त्या समाजातला, त्या परिस्थितीतला एखादा समंजस माणूस ताबा गमावेल का, ही कसोटी लावली. पण पुढे विचारलं की प्राणघातक घाव हा त्याच उसळीतून थेट आलेला आहे, की उसळी ओसरायला आणि बेत आखायला मध्ये अवसर मिळाला होता? दीड ते चार वीस. जवळजवळ तीन तास. खुद्द नानावटींच्याच सांगण्याप्रमाणे ते या वेळात बायकोमुलांच्या पुढच्या आयुष्याचा विचार करत होते. मग ताबा परत आला नव्हता असं कसं म्हणायचं? शयनगृहात आधी नानावटींनी शिवी दिली आणि मग उलट शिवी आली, ती काही खुनाला पुरेसं भडकावणं होऊ शकत नाही, असंही कोर्टाने म्हटलं.

हे वाचताना मला त्या तीन तासांतली एकेक कृती डोळ्यांपुढे येते. भर दुपारी मुंबईच्या रहदारीतून गाडी चालवणं. मुलांना थेटरात पोचवणं. परत न्यायची वेळ ठरवणं. हत्यार मिळावं म्हणून पटेल अशी थाप रचणं, त्यासाठी गावाचं नावसुद्धा योजणं. ऑफिसात माणूस नाही तर घरी असेल असा अंदाज बांधणं. ही सगळी कपाळामागच्या मेंदूची कामं आहेत! थिजलेल्या उंदराला यातलं एक काम जमलं नसतं. म्हणून मला वाटतं, भावना बुद्धीला बाजूला सारते हे चित्र पहिल्या क्षणापुरतंच खरं. त्यानंतर ती बुद्धीला बाजूला सारत नाही, कामाला लावते. बुद्धी बंद पडलेली नसते, उलट ती जोरात चालू असते, पण चुकीच्या मालकाकडे. भाच्यानेही वॉचमनला पहिला शब्द बोलल्यानंतर गाडीचं इंजिन बंद केलं होतं, हँडब्रेक ओढला होता आणि मगच खाली उतरला होता.

यात आणखी एक बदाम होता, तो मुंबई शहराचा. 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने नानावटींची बाजू उचलून धरली, आठवड्यामागून आठवडे. एकीकडे पांढऱ्या गणवेशातला देखणा अधिकारी, दुसरीकडे रंगेल व्यापारी. लोकांचा निकाल केव्हाच लागला होता. मेलेल्या माणसाची बाजू मांडणारं फारसं कुणी उरलं नाही. त्या आठ ज्युरींना घरी बायका, शेजारी, पानवाला काय म्हणत असतील याची कल्पना करून बघा. या खटल्यामुळे भारतातली ज्युरी संपली असं सर्रास लिहिलं जातं, पण त्यानंतरही देशात काही ठिकाणी ज्युरीपुढे खटले चालले. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत मात्र ती राहिली नाही. नानावटींना १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली. आहुजाच्या बहिणीनेही माफीला संमती दिली होती. पुढे नानावटी कुटुंबासह कॅनडाला गेले. असो.

इथपर्यंत माझं म्हणणं सरळ आहे. पहिली उसळी आपली नाही, तिला माफी असावी, नंतरचे तीन तास आपले. पण एक खटला असा आहे की तो आठवला की हे सरळ म्हणणं अडखळतं.

किरणजित अहलुवालिया ही पंजाबी बाई लग्न होऊन इंग्लंडला गेली. लंडनच्या दक्षिणेला क्रॉली नावाचं गाव आहे तिथे राहत असे. दहा वर्षं नवऱ्याचा मार खाल्ला. मे १९८९ मधल्या एका रात्री त्याने मारहाण केली, तापलेल्या इस्त्रीने चटका दिला आणि झोपी गेला. तो झोपल्यावर तिने पेट्रोल टाकून त्याला पेटवलं. काही दिवसांनी तो मेला. तिकडेही कायदा आपल्यासारखाच, म्हणजे आपलाच त्यांच्याकडून आलेला. ताबा 'अचानक आणि तात्पुरता' सुटला पाहिजे. नवरा झोपेपर्यंत ती थांबली, म्हणजे उसळी ओसरली, म्हणजे बेत आखला, म्हणजे खून. डिसेंबर १९८९ मध्ये जन्मठेप झाली.

जाळण्याचं समर्थन मी करणार नाही. पण घड्याळ लावून बघितलं तर तिला नानावटींच्याच रांगेत उभं करावं लागतं, आणि ते माझ्या मनाला पटत नाही. का पटत नाही याचा पुष्कळ दिवस विचार केला. उत्तर असं सापडलं की नानावटी ज्या घरातून बाहेर पडले ते परत आले नसते तरी चाललं असतं. त्यांच्यासमोर रस्ता मोकळा होता. समुद्र होता, जहाज होतं, मित्र होते, कोर्ट होतं, घटस्फोट होता. कुणी त्यांना मारणार नव्हतं. किरणजितच्या बाबतीत धोका शेजारच्या खोलीत घोरत पडला होता आणि सकाळी उठणार होता. दहा वर्षं धोक्याची घंटा वाजतेच आहे, अशा माणसाची उसळी ओसरणार कशी? धिप्पाड पुरुष भडकला की तिथल्या तिथे हात उचलतो. अंगाने कमी असलेली बाई तिथल्या तिथे हात उचलू शकत नाही, ती मरेल. म्हणून तिची उसळी उशिरा येते. 'अचानक' या शब्दाची मापं कुणाच्या अंगावरून घेतली होती ते उघड आहे.

साउथॉल ब्लॅक सिस्टर्स या संघटनेतल्या बायकांनी तिच्यासाठी मोहीम चालवली. १९९२ मध्ये अपील न्यायालयाने खुनाचा दोष रद्द केला. तोही भडकावण्याच्या मुद्द्यावर नव्हे, तर तिची मानसिक अवस्था आधी मांडलीच गेली नव्हती म्हणून. पुढे सदोष मनुष्यवधाची शिक्षा झाली, ती तिने आधीच भोगलेली होती, आणि ती सुटली. इंग्लंडने २००९ च्या कायद्यात भडकावण्याचा जुना बचाव काढून टाकला. नवा आणला त्यात ताबा अचानक सुटला पाहिजे ही अट ठेवली नाही, आणि गंभीर हिंसेची भीती हे कारण धरलं. आपल्याकडे २०२४ च्या नव्या संहितेतही 'अचानक' तसाच आहे. एवढी कलमं इकडची तिकडे केली, तेव्हा हाही शब्द तपासायला हवा होता असं माझं स्पष्ट मत आहे.

तेव्हा माझा नियम मी असा बदलला आहे. किती मिनिटं गेली ते बघू नये. त्या मिनिटांत त्या माणसाला दार उघडं होतं का, ते बघावं. भाच्याला होतं. आमच्या छडीवाल्या गुरुजींना होतं, वर्गाला दार होतंच!

हे दार बंद करण्याचं तंत्र ज्यांना सर्वांत चांगलं कळलं आहे ते लोक दुर्दैवाने मेंदूशास्त्राच्या प्रयोगशाळेत नाहीत. ते 'डिजिटल अटक' करणारे भामटे आहेत. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, तुमच्या खात्यातून काळा पैसा फिरला, असं सांगणारा फोन येतो. मग व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस, मागे अशोकस्तंभाचं चित्र. यापुढचं नीट लक्षात घ्या. फोन बंद करायचा नाही. खोलीतून बाहेर जायचं नाही. मुलाला, मुलीला, शेजाऱ्याला सांगायचं नाही. कॅमेरा चालूच ठेवायचा. हे तासन्‌तास, कधी कित्येक दिवस. म्हणजे उसळी ओसरायला जे जे लागतं, एकांत, चहाचा कप, दुसऱ्या माणसाचा आवाज, ते सगळं पद्धतशीर काढून घ्यायचं. २०२४ मध्ये लुधियानाच्या वर्धमान उद्योगसमूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल यांना अशाच रीतीने खोट्या कोर्टापुढे उभं करून सात कोटी रुपयांना लुबाडलं. वय ८२, आयुष्य हजारो कोटींच्या उलाढालीत गेलेलं. 'असे कसे फसले?' असं विचारणाऱ्यांना मी म्हणते, तुम्ही दोन दिवस कॅमेऱ्यासमोर त्या खोलीत बसून दाखवा. प्रकरण इतकं वाढलं की ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून त्याची दखल घेतली.

इथे मात्र मी त्या माणसाला दोष देत नाही. दोष आपला थोडा आहे, आजूबाजूच्यांचा. फसलेल्याला आपण पहिलं वाक्य काय ऐकवतो? "एवढे शिकलेले तुम्ही, आणि..." बस्स. त्यानंतर शेजारचा म्हातारा असा फोन आला तर कुणाला सांगेल? भामट्याने सांगितलेलं 'कुणाला कळवू नका' हे वाक्य आपणच खरं करून दाखवतो.

आमच्या घरातल्या आणि बिल्डिंगमधल्या ज्येष्ठांसाठी मी एक केलं आहे, तुम्हालाही करता येईल. भारतातल्या कुठल्याही कायद्यात व्हिडिओवरून अटक नाही, हे मोठ्या अक्षरात लिहिलेला कागद फोनजवळच्या भिंतीवर लावला. त्याखाली १९३० हा सायबर गुन्ह्यांच्या मदतीचा क्रमांक. त्याखाली माझा नंबर, आणि पुढे लिहिलंय, रात्री दोन वाजता फोन केला तरी चालेल, कारण विचारणार नाही. आत्तापर्यंत तीन फोन आले. दोन उगीचच होते, पहिल्या मजल्यावरच्या काकूंना झोप येत नव्हती. तिसरा खरा होता. दुपारी सव्वाबाराला आला, आणि त्या गृहस्थांनी मला फोन करायला बाथरूममध्ये जायची परवानगी त्या 'इन्स्पेक्टर'कडून मागून घेतली होती.